पहाटेची खडखड

मार्गशीर्षातली गोष्ट. रविवार होता. पहाटेचे साडेपाच वाजलेले, अंगात हुडहुडी भरावी अशी थंडी. मी अंगणात सडा टाकत होते. ह्यांनी गाडीचं दार लावलं, काच वर केली आणि सेल मारला. गाडी एका दमात सुरू झाली. पण सुरू होताना पहिले तीन-चार सेकंद बोनेटमधून एक वेगळाच आवाज आला. खड्‌खड्‌खड्‌खड्... पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे घालून कुणी हलवावेत तसा. मग तो आपोआप थांबला आणि नेहमीची घरघर सुरू झाली.

"अहो, ऐकलंत का?" मी काचेवर टकटक केलं.

"काय?"

"आवाज आला की आत्ता. खडखड."

"डिझेलची गाडी आहे, आवाज करणारच. डबा घे अन् बस लवकर. उशीर झाला तर पोरगी वाट बघत बसंल."

मैत्रिणींनो, हा संवाद तुमच्याही अंगणात कधी ना कधी झालेला असणार. आपण सांगतो, ते ऐकत नाहीत. आपल्यालाही वाटतं, जाऊ दे, गाडीतलं आपल्याला काय कळतंय! मीही तेच म्हटलं आणि गाडीत बसले. पण लोह्यापासून अहमदपूर येईपर्यंत माझं अर्धं लक्ष त्या आवाजातच होतं.

आमची लेक लातूरला शिकायला आहे. बारावी आणि त्याबरोबर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लास. आपल्या भागात हे काही नवं नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर दर रविवारी निम्म्या गाड्या धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि धुतलेले कपडे घेऊन लेकरांकडेच निघालेल्या असतात. आम्हीही दर पंधरा दिवसांनी जातो. जाताना शंभराच्या वर किलोमीटर, येतानाही तेवढेच. परीक्षा मे महिन्यात. म्हणजे तोपर्यंत अजून दहा फेऱ्या तरी होत्या.

आवाज कुणाला ऐकू येतो?

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हा आवाज आधी मला ऐकू आला यात नवल काहीच नव्हतं. गाडी चालवणारा काचा लावून आत बसलेला असतो. गाडी रात्रभर उभी राहून पार गार झालेली असते, तेव्हाच हा आवाज येतो आणि चार सेकंदांत जातो. त्या वेळी बोनेटसमोर कोण असतं? सडा टाकणारी, तुळशीला पाणी घालणारी, नाहीतर फाटक उघडायला गेलेली बाई!

दुपारी गाडी गॅरेजला नेली तर इंजिन गरम असतं, आवाज येतच नाही. मिस्त्री म्हणतो, "काही नाही, गाडी एकदम ओके." आणि घरी येऊन आपल्यालाच ऐकायला मिळतं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

पुढच्या आठवड्यात मी रोज सकाळी कान देऊन उभी राहिले. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत सेकंद लिहिले. तीन, चार, तीन, पाच. शनिवारी जरा ऊन वर आल्यावर गाडी काढली तेव्हा फक्त दोन. थंडी जास्त तेवढा आवाज जास्त. कॅलेंडर ह्यांच्यासमोर धरलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गाडी गॅरेजला लावून आले. मी सांगून ठेवलं होतं, "रात्रभर तिथंच राहू द्या. सकाळी गार असतानाच मिस्त्रींना सेल मारायला सांगा." नुसतं दाखवून आणण्यापेक्षा याचा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुमचा कान बराबर आहे. टाइमिंग चेन बोलायलीय."

शिलाई मशीनचं टाइमिंग, तेच गाडीचं

टाइमिंग चेन म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नाही, माझ्या मशीनवरून कळलं. मी घरी ब्लाऊज शिवते. ज्या शिवतात त्यांना ठाऊक आहे, सुई खाली जाते आणि अगदी त्याच क्षणी खालच्या शटलचं टोक येऊन दोऱ्याचा फास उचलतं. ह्या दोघांची वेळ जुळली तर टाका पडतो. वेळ जराशी हलली की आधी टाके सुटायला लागतात. जास्त हलली की सुई शटलवर आपटते आणि तुटते. मशीनवाला येऊन म्हणतो, "टाइमिंग गेलंय."

गाडीच्या इंजिनातही असंच आहे. खाली क्रँकशाफ्ट नावाचा दांडा असतो, तो पिस्टन वर-खाली होण्याबरोबर फिरतो. वर कॅमशाफ्ट नावाचा दुसरा दांडा असतो, तो व्हॉल्व्ह नावाची छोटी झाकणं उघडतो आणि मिटू देतो. एका झाकणातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. खालचा दांडा दोन वेळा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. ना कमी, ना जास्त. ह्या दोघांना बांधून ठेवते ती टाइमिंग चेन. दिसायला सायकलच्या चेनसारखीच, फक्त इंजिनाच्या आत, झाकणामागे, ऑईलमध्ये भिजत फिरणारी.

किती फिरते याचा हिशोब मी गंमत म्हणून केला. रस्त्यावर गाडी साधारण दोन हजारांच्या फेऱ्यांवर असते, म्हणजे खालचा दांडा मिनिटाला २,००० वेळा फिरतो. सेकंदाला तेहेतीस वेळा. लातूरचा दोन तासांचा रस्ता धरला तर २ लाख ४० हजार फेरे, एका बाजूचे! एवढ्या फेऱ्यांत एकदाही चुकायचं नाही, हे तिचं काम.

आणि चुकली तर? चेन ढिली होऊन एखादा दात पुढे सरकली तर गाडी ओढत नाही, नीट सुरू होत नाही, धूर टाकते. टाके सुटतात तसंच. पण जास्त दात सरकली किंवा तुटली, तर बहुतेक इंजिनांत खालून येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. सुई शटलवर आपटावी तसा. सुई दहा-पाच रुपयांत येते. इथं व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो, हेड खोलावं लागतं. चेनच्या कामाला लागतो त्याच्या चार-पाच पट खर्च, असं मिस्त्रींनी सांगितलं. आणि हे घडतं ते गाडी पळत असताना. मागं ट्रक, कडेला साईडपट्टी नाही, गाडीत म्हातारी माणसं आणि इंजिन एकदम बंद. खर्चापेक्षा मला भीती ह्याची होती.

आधी विचारा, चेन आहे की बेल्ट?

इथं एक गल्लत सगळेच करतात, आम्हीही करत होतो. सगळ्या गाड्यांत चेन नसते. काहींत त्याच कामासाठी रबराचा दातेरी पट्टा असतो, त्याला टाइमिंग बेल्ट म्हणतात. आणि दोघांचे नियम अगदी उलटे आहेत.

माझ्या जावेच्या भावाच्या गाडीत बेल्ट होता. गाडी अगदी शांत, आवाज म्हणून नाही. "माझी गाडी बघा, लोण्यासारखी चालते," म्हणायचा. एक दिवस अहमदपूरच्या अलीकडं गाडी झटक्यात बंद पडली ती पडलीच. बेल्ट तुटला होता, व्हॉल्व्ह वाकले होते. त्याआधी एकही दिवस खडखड नाही की काही नाही. रबर झिजतं, भेगाळतं, पण बोलत नाही. म्हणून बेल्टला कानावर सोडायचं नसतं. गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते छापलेलं असतं. तो आकडा आला की गाडी कितीही छान चालत असली तरी बदलायचाच. आणि गाडी उभी जरी राहिली तरी वर्षं मोजायचीच, कारण रबर उभ्या उभ्याही जुनं होतं.

चेनचं उलट आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात चेन अमुक किलोमीटरला बदला असा आकडाच नसतो. "लाईफटाईम आहे, बघायचं कामच नाही," असं गाडी विकताना सांगतात. आता ही लाईफटाईम चेनची, गाडीची की आपली, ते कुणी सांगत नाही! चेनला तारीख नसते. पण ती बेल्टसारखी मुकी नसते. बहुतेक वेळा आधी सांगते. ऐकणारं कुणी असलं पाहिजे.

तुमच्या गाडीत काय आहे, ते नावावरून ठरवू नका. मारुती ८००, जुनी सँत्रो, टाटाची जुनी डिझेल इंडिका, दीड लिटरची डिझेल डस्टर, अडीच लिटरची जुनी डिझेल इनोव्हा ह्यांच्यात बेल्ट. २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली, तिच्या डिझेल इंजिनात चेन आली. जुन्या वॅगन-आरमध्ये बेल्ट होता, २०१० च्या नव्या के-सिरीज इंजिनाबरोबर चेन आली. इटलीच्या फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन तर आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. मारुतीही तेच इंजिन मानेसरला बनवून स्विफ्ट-डिझायरमध्ये घालायची. त्यातही चेनच. एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, पण त्याआधीच्या कितीतरी गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून पळतात. म्हणजे नाव तेच, पण वर्ष बदललं की आतलं बदलतं. गाडीचं पुस्तक उघडा, नाहीतर मिस्त्रीला इंजिन आणि साल सांगून विचारा.

लोखंडाची चेन लांबते कशी?

"लोखंड काय रबर आहे का ताणायला?" ह्यांचा प्रश्न. माझाही तोच होता.

मिस्त्रींनी कोपऱ्यातली जुनी सायकल दाखवली. चेन खरं तर ताणली जात नाही, झिजते. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक. दोन्ही केसभर घासतात. एका कडीत काही कळत नाही. पण शंभर कड्या धरा. प्रत्येक कडीत एका मिलिमीटरचा विसावा भाग झिजला, तरी अख्खी चेन पाच मिलिमीटरनं लांब होते. सायकलची अशी चेन १८८० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड ह्यांनी बनवली. आजही इंजिनातल्या कितीतरी चेन त्याच घराण्यातल्या आहेत. आणि झिजण्याची रीतही तीच आहे.

चेन लांबली तरी ढिली पडू नये म्हणून तिला एका बाजूनं दाबून धरणारा भाग असतो, टेन्शनर. (नाव ऐकून मी हसले. आपल्या घरात तो आपणच असतो!) तो बहुतेक गाड्यांत इंजिन ऑईलच्या दाबावर चालतो. आणि चेन ज्या पट्ट्यांवरून घसरत जाते त्या गाईड, बहुधा प्लास्टिकच्या. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली उतरतं, टेन्शनर सैल पडतो. सकाळी सेल मारला की ऑईल वर पोचेपर्यंत चेन मोकळी फडफडते. तीच ती खडखड. ऑईल पोचलं की टेन्शनर दाबतो आणि आवाज थांबतो. म्हणजे आवाज थांबला याचा अर्थ दुखणं बरं झालं असा नाही, दुखणं झाकलं गेलं एवढाच.

मग चेन लवकर झिजते कशानं? इथं मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला आणि आम्ही दोघंही खाली बघायला लागलो. "ऑईल कवा बदललं होतं?"

खरं सांगते. आमची गाडी २०१४ ची, दुसऱ्याकडून घेतलेली, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. आधीच्या मालकानं काय केलं ते माहीत नाही. पण आमच्याकडं आल्यावरही एकदा वीस महिने ऑईल बदललं नव्हतं. "गाडी कुठं पळलीय? सातच हजार तर झालेत," असं म्हणत होतो. गाडीच्या पुस्तकात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. त्या वर्षी लेकीची दहावी, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, सोयाबीनला भाव नाही. मग जे पुढं ढकलता येतं ते ढकललं. एकदा तर जवळ मिळालं तेच ऑईल ओतून घेतलं होतं. पुस्तकातल्या ग्रेडपेक्षा घट्ट ऑईल असलं की ते थंडीत टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. आणि डिझेल इंजिनाचं ऑईल जुनं झालं की त्यात काजळी साठते, ती कड्यांना बारीक वाळूसारखी घासते. ह्यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नव्हता, तो आमचाच होता.

बदलायची की थांबायचं?

खरा पेच आता होता. मिस्त्री म्हणाले, "आजच तुटंल असं मी म्हणणार नाही. तुटणार नाही असं पण नाही म्हणणार."

ह्यांचं म्हणणं, मे महिन्यात परीक्षा होऊ दे, मग बघू. हातात पैसे होते ते क्लासच्या दुसऱ्या हप्त्याचे. माझी भिशी त्या महिन्यात लागली होती, पण त्यातून मी पिको-फॉलची मशीन घेणार होते. दोन वर्षं मनात होतं. पिकोच्या साड्या येतात त्या मी दुसरीकडं पाठवते, तो पैसा घरात आला असता. म्हणून मलाही मनातून वाटत होतं की मिस्त्रींनी "चालतंय हो अजून" म्हणावं. खोटं कशाला सांगू?

मग मी विचारलं, "भाऊ, तुमचीच गाडी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

ते जरा थांबले. म्हणाले, "वहिनी, आधी बघितलं असतं. बघितल्याबिगर बदलायचं पण नाही, अन् बघितल्याबिगर सोडायचं पण नाही."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलंय. कारण फसवणूक दोन्हीकडून होते. एक लाख झाले की "चेन बदला, नाहीतर इंजिन जाईल" म्हणून घाबरवणारेही आहेत, आणि "काही होत नाही, चालवा" म्हणणारेही. आकड्यावर जाऊ नका. ऑईल वेळेवर बदललेली चेन दोन लाखांपर्यंतही शांत असू शकते, आणि हेळसांड झालेली लाखाच्या आतही बोलायला लागते. त्यांनी जे क्रमानं केलं, ते तुमच्यासाठी सांगते.

आधी हा आवाज चेनचाच आहे का, ते बघितलं. बाहेरचा फॅन बेल्ट काही सेकंद काढून गाडी सुरू केली. तो आवाज बेल्टचा किंवा त्यावर फिरणाऱ्या एखाद्या बेअरिंगचा असता तर गेला असता. गेला नाही. (बेल्टचा आवाज बहुधा चिर्र चिर्र असा असतो, चेनचा खडखड. सायलेन्सरवरचा पत्राही ढिला झाला की असाच वाजतो, तोही हलवून बघावा.)

मग डिपस्टिक काढून ऑईल बघितलं. पातळी कमी होती. पुस्तकातल्या ग्रेडचं नवं ऑईल आणि फिल्टर घातला आणि चार दिवस सकाळी ऐकायला सांगितलं. कधी कधी एवढ्यावरच आवाज जातो. आमचा पाचावरून तीन सेकंदांवर आला, पण गेला नाही.

मग स्कॅनर लावला. आजच्या गाडीत खालच्या आणि वरच्या दोन्ही दांड्यांवर सेन्सर असतात. दोघांची वेळ जुळली नाही तर कॉम्प्युटर नोंद करतो आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. आमच्या गाडीत नोंद नव्हती. म्हणजे चेनचा दात सरकलेला नव्हता. मिस्त्री म्हणाले, "वेळेवर आलात. पण दिवा लागला नाही म्हणजे चेन चांगली, असं नस्तंय."

शेवटी झाकण उघडून टेन्शनर किती बाहेर आलाय ते बघितलं. चेन जितकी लांबते तितका तो बाहेर येतो. आमचा जवळपास शेवटपर्यंत आला होता. आता अजून चेन लांबली तर तिला धरायला काही उरलं नव्हतं.

तिथं निर्णय झाला. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ पर्यंत आहे. अजून तीन-चार वर्षं ती चालवायची आहे, आणि चालवायची आहे ती हायवेला. दोन महिन्यांत विकायची असती तर वेगळा विचार केला असता. तरी घेणाऱ्याला खरं सांगूनच विकली असती.

मी ह्यांना म्हटलं, "भिशीचे घ्या. क्लासच्या पैशाला हात लावू नका."

"अन् तुझी मशीन?"

"मशीन दोन महिने थांबंल. चेन थांबंल का, ते ती सांगणार नाही."

कामाच्या वेळी काय बघाल

चेन बदलायची म्हणजे नुसती चेन नाही. टेन्शनर, गाईड आणि दातेरी चकत्या असा पूर्ण संच बदलायचा. झिजलेल्या चकतीवर नवी चेन बसवली तर ती चेनही लवकर झिजते. बहुतेक खर्च खोला-जोडीच्या मजुरीचा असतो, म्हणून अर्ध्यावर काटकसर करू नये. त्याच वेळी पुढचं ऑईल सील, गास्केट आणि ऑईल-फिल्टरही होतात. दुसऱ्या कशासाठी इंजिनाचा तो भाग उघडणारच असेल आणि चेन संशयात असेल, तर तेव्हाच करून घ्यावं. दुसऱ्यांदा उघडायची मजुरी वाचते.

काम सांगण्याआधी सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी कागदावर लिहून घ्या. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, "जुने भाग आम्हाला दाखवा." आम्ही सांगितलं होतं. मिस्त्रींनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी टांगली. जुनी करंगळीच्या नखाएवढी खाली लोंबत होती. गाईडच्या पट्टीवर खोल चर पडला होता आणि ऑईलच्या तळाला प्लास्टिकचा एक तुकडा सापडला. ह्यांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. (बोलायचं खूप होतं!)

एकूण बिल अठरा हजारांच्या थोडं आत झालं. गाडी तीन दिवस गॅरेजला होती. मधल्या रविवारी मी एकटीच एसटीनं लातूरला गेले. मार्च २०२३ मध्ये एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं, ते त्या दिवशी फार कामी आलं. आवाज कळल्यापासून काम होईपर्यंत गाडी हायवेला न्यायची नाही, हे आम्ही ठरवलं होतं. तुम्हीही तेच करा. आवाज करणारी गाडी गार असताना जोरात रेस करू नका. बंद पडली तर धक्का मारून सुरू करू नका. ढिली चेन अशा हिसक्यानंच दात सोडते.

दात बघून घोडा, बोनेट बघून गाडी

आपल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो. विकणाऱ्याचं बोलणं नंतर ऐकतो. जुनी गाडी घेतानाही तसंच करा. सकाळी लवकर जा आणि गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलीय. मग म्हणावं, "उद्या येतो, गार असताना बघू." काचा खाली, टेप बंद, आणि एकीनं बोनेटपाशी उभं राहायचं. आम्ही ही गाडी घेतली तेव्हा दुपारी बारा वाजता बघायला गेलो होतो. आता हसू येतं.

आणि घरची गाडी असेल तर दुधाच्या, गॅसच्या हिशोबाच्या वहीत एक पान तिच्यासाठी ठेवा. ऑईल कोणत्या तारखेला बदललं, किती किलोमीटरला, कोणत्या ग्रेडचं, एवढंच. आमच्याकडं ते पान आता माझ्या ताब्यात आहे. गाडी ह्यांची असली तरी त्या गाडीत बसणारी लेक, सासूबाई आणि मी, आम्ही सगळे त्या पानाच्या भरवशावर असतो.

पिकोची मशीन दोन महिन्यांनी नाही, पाडव्याला आली. लेकीची परीक्षा झाली. आणि एक बदल झालाय, तो मला सगळ्यात आवडतो. हे आता सेल मारायच्या आधी काच खाली करतात आणि मला म्हणतात, "ऐक गं जरा."

मैत्रिणींनो, उद्या सकाळी तुमच्या अंगणातली गाडी सुरू होईल तेव्हा दोन मिनिटं बोनेटसमोर उभ्या राहा. खडखड ऐकू आली तर सांगा, आणि दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांगा. काहीच ऐकू आलं नाही तर छानच. मग फक्त एवढं विचारा, "अहो, ऑईल कधी बदललं होतं?"